ब्रेकचे पॅड केव्हा बदलायचे?



संस्थेच्या हिशेबातला ‘वाहन दुरुस्ती’ हा रकाना पाहून काही हितचिंतक विचारतात, “गाडी तर चालू आहे, मग एवढा खर्च कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. गाड्यांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे उत्तर देणे माझे काम आहे. या अंकात त्या खर्चातल्या एकाच बाबीबद्दल लिहितो. तपासणीत ब्रेकचे भाग झिजलेले दिसले, तर त्यातले कोणते लगेच बदलायचे आणि कोणते राहू द्यायचे, हे आम्ही कसे ठरवतो?

आपली जीप मेळघाटात फिरते. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी हा तिचा नेहमीचा रस्ता. त्यात आठवड्यातून एकदोनदा चिखलदऱ्याचा घाट. १०८ ची रुग्णवाहिका वेळेत पोचणार नसेल, तेव्हा कोरकू पाड्यावरून बाळंतिणीला किंवा तापाने फणफणलेल्या लेकराला याच गाडीतून दवाखान्यात न्यावे लागते. अशा वेळी गाडी उतारावर थांबली नाही तर अनर्थ होतो. आणि ब्रेकच्या कामासाठी ती ऐनवेळी दोन दिवस गॅरेजात अडकली, तर पाड्यावरचे माणूस वाट पाहत राहते. म्हणून निर्णय दोन्ही बाजूंनी तोलूनच घ्यावा लागतो.

ब्रेकवर भार किती येतो?

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. घाटात वेग कमी असला तरी उतार सारखा खाली ओढत असतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याला येताना गाडी सुमारे ७०० मीटर खाली उतरते. माणसांसकट दोन टन वजन धरले, तर या उतारात निर्माण होणाऱ्या उष्णतेवर चाळीस लिटरहून जास्त पाण्याला उकळी येईल. त्यातली काही इंजिन आणि हवा घेते, उरलेली ब्रेकला सोसावी लागते. म्हणून सपाटीवर ‘अजून चालेल’ असा पॅड घाटात चालेलच असे नाही.

तपासणीत काय मोजायचे?

आपल्या जीपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे. पुढचा पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर बसवलेला घर्षणाचा थर. तो नवा असताना साधारण १० ते १२ मि.मी. जाड असतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा सर्वात आधी पाहावी. आम्ही स्वतःसाठी ३ मि.मी. ही रेषा ठरवली आहे. थर पातळ झाला की उष्णता थेट मागच्या भागांकडे आणि ब्रेक ऑइलकडे जाते.

चाक काढून चारही पॅड वेगवेगळे मोजावेत. बाहेरचा पॅड सहज दिसतो, आतला दिसत नाही, आणि बरेचदा आतलाच जास्त झिजलेला असतो. तसे असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत असे समजावे. अशा वेळी नुसते पॅड बदलून भागत नाही. पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावले नाही, तर नवा पॅडही तसाच झिजेल.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ड्रमवर कमाल व्यास असतो. लेथवर टर्निंग करून खाचा काढता येतात, पण त्यानंतरही माप मर्यादेत राहणार असेल तरच.

झिजला, पण पुरेल का?

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. ‘किती झिजला?’ एवढ्यावर निर्णय होत नाही. ‘पुढच्या तपासणीपर्यंत मर्यादेच्या वर राहील का?’ हे विचारावे लागते. त्यासाठी मागच्या तपासणीचे माप वहीत लिहिलेले हवे.

यंदा मार्चमध्ये आपल्या जीपचा सर्वात झिजलेला पुढचा पॅड ७ मि.मी. होता. मेअखेरीस तो ५.५ भरला. मधल्या काळात गाडी ६,००० कि.मी. फिरली, म्हणजे दर ४,००० कि.मी.ला १ मि.मी. झीज झाली. याच हिशेबाने ऑगस्टअखेरच्या तपासणीत तो ४ मि.मी. असायला हवा. मिस्त्रींनी पॅड हातात घेऊन सांगितले, “भाऊ, चार महिने आरामात निघतात.” त्यांचे गणित चुकीचे नव्हते.

पण ते चार महिने पावसाळ्याचे होते. चिखल आणि वाळू पॅड व डिस्कच्या मध्ये जाऊन दोन्ही घासत राहतात. ही झीज दुप्पट झाली असे धरले, तर ऑगस्टअखेरीस पॅड २.५ मि.मी. उरतो, म्हणजे आमच्या रेषेच्या खाली. तोही नेमका रस्ते सर्वात वाईट आणि रुग्ण सर्वात जास्त असतात त्या दिवसांत. म्हणून आम्ही पुढचे चारही पॅड मेमध्येच बदलले. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

मागच्या ड्रममधले लायनर मात्र तसेच ठेवले. ते ३ मि.मी. होते, मर्यादा १.५ मि.मी. आणि तीन महिन्यांतली झीज जेमतेम ०.३ मि.मी. पावसात दुप्पट झीज झाली तरी ते वर्षअखेरपर्यंत मर्यादेच्या वरच राहतील. “चाक खोललंच आहे तर तेही टाकून घ्या,” असा आग्रह झाला, पण वहीतले आकडे तसे म्हणत नव्हते. धूळ काढून सेटिंग केले आणि ते पैसे वाचवले. ही धूळ हवेच्या झोताने कधी उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे.

जिथे माप पाहायचेच नाही

काही गोष्टींत जाडीचा हिशेब करत बसू नये. व्हील सिलिंडर गळून लायनर तेलात भिजला असेल, तर तो कितीही जाड असला तरी बदलायचा आणि गळतीही बंद करायची. पॅडचा थर पट्टीपासून सुटू लागला असेल, डिस्कला तडा गेला असेल किंवा रबरी पाइप फुगला अथवा चिरला असेल, तर गाडी तिथेच थांबवावी. पेडल खालपर्यंत जात असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये.

ब्रेक ऑइल तर कॅलेंडर बघूनच बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून पॅड कसेही असोत, दर दोन वर्षांनी आम्ही ऑइल बदलतो.

चालवणाऱ्याच्या हातात

पॅड किती दिवस टिकेल हे बरेचसे चालकावर असते. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नये. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावे, आणि पहिले दोनतीनशे कि.मी. जोरात ब्रेक मारणे टाळावे. ब्रेक दाबताना किरकिर आवाज येऊ लागला, तर आपले चालकबंधू तो त्याच दिवशी वहीत लिहितात. पुष्कळ पॅडना झीज दाखवणारी पत्र्याची पट्टी असते, तिचाच तो आवाज असू शकतो.

आता पुढच्या हिशेबात ‘ब्रेक पॅड, पुढचे, एक संच’ अशी नोंद दिसली आणि त्याच पानावर मागच्या लायनरची नोंद दिसली नाही, तर दोन्ही निर्णय मोजमाप करून घेतलेले आहेत एवढा विश्वास ठेवावा. वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनीही पावसाळ्याआधी एकदा चाके काढून मापे घ्यावीत आणि ती तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी बदलायचे की ठेवायचे, हे त्या कागदावरूनच ठरवता येईल.