सावली आखूड झाली की...

मुलांनो, उन्हाळ्यात घड्याळाचं काम करणारी एक वस्तू तुमच्या पायाशीच पडलेली असते. ओळखा पाहू! बरोब्बर, तुमची सावली. सकाळी ती ताडासारखी लांब असते, दुपारी आखडते आणि संध्याकाळी पुन्हा लांब होते. आता एक साधा नियम लक्षात ठेवा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर उन्हातले अतिनील किरण सौम्य. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की ते किरण जोरात! कारण सूर्य वर चढला, की किरणांना हवेच्या थरातून कमी वाट चालावी लागते आणि वाटेत ते कमी शोषले जातात. हे किरण कातडी करपवतात आणि वर्षानुवर्षं सोसले तर मोतीबिंदूलाही हातभार लावतात.

मे महिन्यात आपल्याकडे साधारण साडेनऊपासून साडेतीन-पावणेचारपर्यंत सावली आखूड असते. त्यातही एक दिवस असा येतो, की भर दुपारी ती पायाखालीच गडप होते! हा शून्य सावलीचा दिवस. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास, तर नागपूरला २६ मेच्या सुमारास येतो. अंगणात एक तांब्या ठेवून जरूर बघा. (मात्र स्वतः सावलीत उभे राहा हं!)

हा नियम तुमच्यासाठी आहेच, पण आज मी तो तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांसाठी सांगते आहे. तुमची काळजी घ्यायला शाळा आहे. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तुम्ही दुपारी घरी. पण आई-बाबांची, आजोबांची 'सकाळची शाळा' कोण करणार?

खेड्यातल्या मोठ्या माणसांना 'व्यायाम करा' असं सांगायला गेलात तर ती हसतील. धसकटं वेचणं, शेणखत पसरणं, बांध घालणं, पाण्याच्या खेपा... हालचाल भरपूर! तिथं प्रश्न हालचालीचा नाही, वेळेचा आहे. जुनी शेतकरी मंडळी तांबडं फुटताच शेतात जातात आणि दुपारी झाडाखाली आडवी होतात, तो आळस नव्हे, शहाणपण आहे. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ही वेळ निवडता येत नाही. मुकादमाने बाराला बोलावलं तर ती बारालाच जाणार. मला वाटतं, कामाची वेळ बदलणं हे एकट्या मजुराच्या हातात नाही, गावानं मिळून ठरवायची गोष्ट आहे.

शहरात नेमकं उलटं. ऊन टाळलं जातं, पण त्याबरोबर चालणंही टाळलं जातं. लिफ्ट, मोटारसायकल, खुर्ची, मग सोफा! जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं किंवा काम करावं. पाच दिवस रोज अर्धा तास, म्हणजे झालं की! सकाळी साडेसहाला बाबांचा हात धरून बाहेर पडा. लांब सावल्यांच्या वेळी चालण्यासारखी मजा नाही.

आता खरी गंमत, आणि खरा धोकाही. मे महिन्यात मुंबईचे काका गावी येतात. अकरा महिने पंख्याखाली बसलेले काका उत्साहानं म्हणतात, "चला, मीपण कुदळ मारतो!" थांबवा त्यांना! उन्हात काम करायची सवय शरीराला एका दिवसात लागत नाही, त्याला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. गावातल्या आत्याला जे जमतं ते काकांना पहिल्या दिवशी जमणार नाही. पहिले दिवस थोडं थोडं, तेही सकाळी.

घाम आपल्याला गार कसा करतो? तो सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. नुसता टपटप गळाला तर काही उपयोग नाही. म्हणून कोकणातल्या दमट हवेत पारा कमी असूनही जीव घाबरा होतो. विदर्भात उलट घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. दोन्हीकडे तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचं. मीठ घातलेलं ताक, पन्हं उत्तम. खिशात कांदा ठेवून मात्र ऊन लागायचं थांबत नाही. तो भाकरीबरोबर खावा!

कपड्यांची अक्कल खेड्याकडून घ्यावी. शेतातल्या बाया साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला फडकं बांधतात. यापेक्षा स्वस्त संरक्षण कुठलं? गांधी टोपीनं डोकं झाकतं, पण कान आणि मान उघडीच राहते. आजोबांना वरून पंचा घ्यायला सांगा.

आणि आकड्यावर फार विसंबू नका. वर्तमानपत्रात छापलेलं तापमान सावलीत मोजलेलं असतं. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला एक मोठा कार्यक्रम झाला. माणसं उघड्या मैदानावर तासन् तास बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे चंद्रपूरकर ज्याला उन्हाळा म्हणणार नाहीत इतकाच. तरीही उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला.

म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर 'जरा पडू द्या त्यांना' म्हणून वाट बघायची नाही. कधी अंग कोरडं असतं, कधी घामानं भिजलेलंही असतं, त्यावर जाऊ नका. आधी मोठ्यानं हाक मारून माणसं गोळा करा. १०८ ला फोन लावायला सांगा. रुग्णाला सावलीत आणून कपडे सैल करायचे, अंगावर साधं पाणी ओतत राहायचं आणि सुपानं, वहीनं, मिळेल त्यानं वारा घालायचा, गाडी येईपर्यंत. पाणी पाजायचं ते माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात एक थेंबही घालायचा नाही, कारण ते पाणी श्वासनळीत जातं.