दगड, बी आणि खंडी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला राजराज चोळाने दिलेले सोने ‘आडवल्लान’ नावाच्या दगडाने तोलले, अशी नोंद तिथल्या शिलालेखांत आहे. इ.स. १०१०मध्ये कळसाच्या मुलाम्यासाठी दिलेले सोने २,९२६½ कळंजू भरले. एक कळंजू म्हणजे वीस मंजाडी, एक मंजाडी म्हणजे दोन गुंजा. मंजाडी आणि गुंज ही दोन्ही लाल बियांची नावे. इंग्रजीतही ‘स्टोन’, म्हणजे दगड, हे १४ पौंडांचे वजन आणि ‘ग्रेन’ म्हणजे दाणा.

हे साम्य उसनवारीचे नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: वजनाचा शब्द तोलणाऱ्याच्या हाताशी असलेल्या वस्तूतून जन्मतो. पुढे तो व्यापाराबरोबर फिरतो. मराठी खंडी, तमिळ कंडी इंग्रजीत ‘कँडी’ झाली. तमिळ वीसै ‘विस’ झाले. हे शब्द वखारीपुरतेच होते, किलोग्रॅमने ते पुसले, असे कुणी म्हणेल. मात्र भारतातल्या कापूस बाजारात रुईचा भाव आजही खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोंवर, सांगितला जातो.