ढाणकीच्या मातीचा प्रवास

लेकरांनो, आपल्या ढाणकीच्या शिवारात विहीर खणायला घेतली की जमिनीचं पोट उघडं पडतं. वर काळी माती, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर. तिच्याखाली पिवळट मुरूम. त्याच्याही खाली कुदळीला दाद न देणारा काळा पाषाण. बघणाऱ्याला या तीन वेगळ्या वस्तू वाटतात, पण मूळ एकच. खालचा दगड अजून शाबूत आहे, मधला झिजतो आहे आणि वरचा झिजून माती झाला आहे.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची जमीन फाटली आणि आतून लाव्हा वाहू लागला. थरावर थर चढत गेले. आपला उमरखेड-पुसदचा मुलूख, नांदेड, पार सह्याद्रीपर्यंतचा प्रदेश त्याखाली गेला. तेव्हा इथे ना पैनगंगा होती, ना सागाचं जंगल, ना माणूस. निवताना तो दगड आकसला आणि त्याला भेगा पडल्या. या भेगा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यातूनच घडलं.

पाणी दगडात शिरतं ते भेगेतून. हवेतला आणि मुळांनी मातीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळलेला असतो, म्हणून ते पाणी किंचित आम्लधर्मी होतं. वर्षानुवर्षं असं पाणी मुरलं की दगडातलं लोह गंजतं. मुरमाचा पिवळा-तांबूस रंग त्याचाच. फेल्डस्पार नावाचं कठीण खनिज मऊ पडून त्याची चिकणमाती होते. चुना विरघळून खाली झिरपतो आणि पुढे वावरात पांढऱ्या खड्यांच्या रूपानं आपल्या वखराला लागतो. चौकोनी दगडाच्या कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मारा होतो, म्हणून कोपरे आधी जातात आणि दगड गोल होत जातो. रस्त्यासाठी टेकडी कापलेली दिसली तर थांबून बघा. कांद्यासारखे पापुद्रे सुटत असलेले गोटे मुरमात बसलेले दिसतील. जागच्या जागी चाललेल्या या झिजेला विदारण म्हणतात. बोटाच्या एका पेराएवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आणि जायला? एक सर पुरते.

मृगाचा टपोरा थेंब उघड्या वावरावर आदळतो, ढेकूळ फोडतो, मातीचे कण उडवतो. पाणी उताराला लागलं की ते कण घेऊन निघतं. आधी बारीक ओघळ, मग घळ, मग नाला आणि शेवटी पैनगंगा. पुराच्या दिवसांत तिचं पाणी गढूळ दिसतं ना, तो रंग कुणाच्या ना कुणाच्या वावराचा असतो.

ही नदी दगडालाही सोडत नाही. सहस्रकुंडाला जाल तेव्हा धबधब्याच्या उडणाऱ्या तुषारांवरून नजर काढून खालच्या काळ्या कातळाकडे बघा. मला तर पाण्यापेक्षा तो कातळच जास्त बोलका वाटतो. नदी तिथे अनेक धारांनी उडी घेते. पाणी भेगांत घुसतं, दगडाचे ठोकळे सुटे करतं, वाळू-गोट्यांनी कातळ घासतं. असं होता होता धबधब्याचा कडा हळूहळू उगमाच्या दिशेनं मागे सरकत जातो. ही झाली धूप. आपल्या विदर्भाची आणि पलीकडच्या मराठवाड्याची हद्द इथे हीच नदी सांभाळते, पण स्वतःचे काठ मात्र ती सतत बदलत असते. वळणावर बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर असतो, तिथली दरड ती खाते. आतल्या अंगाला पाणी संथ, तिथे वाळू आणि गाळ टाकते.

संथ झालेल्या पाण्याला ओझं पेलवत नाही. गोटे आधी सुटतात, मग वाळू, आणि सगळ्यांत बारीक गाळ सर्वांत लांब जातो. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरी फाटे फोडते आणि समुद्राला भिडताना गाळ टाकते. कोनसीमेची नारळाची आणि भाताची जमीन अशी तयार झाली. आंध्रातल्या त्या त्रिभुज प्रदेशात आपल्या शिवाराचेही कण आहेत. आता वाटेवरच्या धरणांत पुष्कळ गाळ अडतो, समुद्राकडे पूर्वीइतका पोचत नाही.

डोंगर झिजणं, नदीनं माती नेणं हे थांबवायचं नसतं. त्यातूनच तर जमीन झाली. पण आपण वावर उताराच्या दिशेनं नांगरतो, धुऱ्यावरचं गवत काढून टाकतो, तेव्हा शेकडो वर्षांची कमाई आपण स्वतः नाल्याला लावतो. तुम्ही उद्या शेती कराल तेव्हा तास उताराला आडवे घाला आणि धुऱ्यावर गवत राहू द्या. यंदा पहिला जोराचा पाऊस झाला की वावरातून वाहणारं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी किती माती बसली ते मोजा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा.