नागराज काढला पुण्यात, छापला दिल्लीत

राज्याच्या एव्हीजीसी-एक्सआर धोरणाला सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याचे आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले आहेत. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा, दोन लाख रोजगार. पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्काच्या तिन्ही फेजमध्ये अशा बातमीचा अर्थ साहजिकच संगणकाच्या हिशेबाने लावला जातो: ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग. पण धोरणाच्या लांबलचक नावात आणखी एक धंदा आहे, कॉमिक्सचा. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण या धंद्यात पुण्याने चाळीस वर्षांपूर्वीच मोठं काम करून ठेवलं आहे. त्या कामाचं श्रेय मात्र पुण्याच्या खात्यावर कधी जमा झालं नाही.

नागराज आठवतो? हिरव्या खवल्यांच्या अंगाचा, मनगटातून साप सोडणारा. उत्तर प्रदेश आणि बिहारमधली मुलं भाड्याने अंक आणून त्याच्यावर वाढली. प्रकाशक दिल्लीचे राज कॉमिक्स, भाषा हिंदी, सुरुवातीचे लेखक परशुराम शर्मा. आणि चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नागराजला जे अंग दिलं, जी चाल दिली, त्यावरच १९९५च्या सुमारास पुढच्या चित्रकाराने, अनुपम सिन्हांनी, इमारत उभी केली.

मुळीकांचा हात तोवर महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेला होता, 'अमर चित्र कथे'तून. त्यातल्या 'शिवाजी' अंकाची संहिता भा. रा. भागवतांची आणि चित्रं मुळीकांची. फास्टर फेणेचे जन्मदाते आणि नागराजचे चित्रकार एकाच अंकात भेटतात, ही गोष्ट आपल्या बालसाहित्याच्या चर्चेत यायला हवी होती; ती मी तरी कुठे ऐकलेली नाही. अमिताभ बच्चनला अतिमानव करून काढलेली 'सुप्रीमो' ही मालिका आठवणारे वाचकही असतील. तीही मुळीकांचीच. शिवाजी महाराज, महाराणा प्रताप, अमिताभ, नागराज. एका माणसाच्या टेबलावरून इतके वेगवेगळे नायक बाहेर पडले, आणि मराठी माणसाला त्या माणसाचं नाव विचारलं तर तो गप्प राहतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक टेबल म्हटलं खरं, पण ते काम एकट्याचं नव्हतं. नागराजच्या जुन्या अंकांवर मुळीकांच्या जोडीला चंदू हे नाव दिसतं. पुढच्या काळात शाईकामासाठी विठ्ठल कांबळे हे नाव सतत येतं. राज कॉमिक्सच्याच 'भोकाल'च्या अंकांवर तर माणसाचं नावच नाही, 'कदम स्टुडिओ' एवढंच आहे. हे कदम म्हणजे पुण्याचेच दिलीप कदम, ज्यांच्या चित्रांनी अमर चित्र कथेचं ४२ भागांचं महाभारत उभं राहिलं. मुखपृष्ठावर एक नाव आणि आत अनेक हात, अशीच या धंद्याची रीत होती.

का होती, हे समजायला कॉमिक्सचं एक पान कसं तयार होतं ते पाहावं लागतं. संहिता आली की आधी अंगठ्याएवढ्या चौकटींत पानाचा कच्चा आराखडा होतो: कुणाला जवळून दाखवायचं, कुणाला लांबून, नजर कोणत्या चौकटीवरून कुठे उडी घेईल. मग मोठ्या कागदावर पेन्सिल. अमेरिकेत मासिक अंक वीस-बावीस पानांचा असतो, आणि पेन्सिलवाल्याने दिवसाला एक पान द्यावं अशी अपेक्षा असते. पेन्सिलवर शाई चढते, टाकाने आणि ब्रशने. चेहरे एक जण करतो. किल्ल्याचे दगड, झाडं, गर्दी दुसरा, बहुधा शिकाऊ. मग रंग. आणि त्या सगळ्यांतून वाट काढत संवादांचे फुगे.

फुग्यांपाशी थोडं थांबायला हवं. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार वर चढतात आणि उकार खाली उतरतात. दोन ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते, म्हणून रोमन लिपीतल्या चार ओळी ज्या फुग्यात आरामात बसतात त्यात मराठीच्या तीनच ओळी नीट बसतात. भाषांतरित अंकांमध्ये हा पेच नेहमीचा. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत वेताळाच्या तोंडची अक्षरं फुग्याच्या कडेला भिडलेली असायची, कारण फुगे मुळात इंग्रजीच्या मापाने काढलेले. मराठीतच विचार करून काढलेल्या पानावर पेन्सिलवाला चौकटीचा वरचा भाग आधीच मोकळा सोडतो. पण त्यासाठी अक्षरवाला पेन्सिलवाल्याच्या शेजारी बसलेला हवा. 'इथं डोकं जरा खाली घे, मला ओळ बसत नाही,' एवढं एक वाक्य मेलवर लिहून पाठवलं तर त्याला दोन दिवस लागतात, आणि तोवर शाई चढलेली असते.

एका खोलीचा फायदा जगात सगळ्यात ठसठशीत दिसतो तो टोकियोत. तोशिमा भागात १९५२ साली बांधलेली टोकिवा-सो नावाची दुमजली लाकडी इमारत. भाड्याच्या खोल्या साडेचार तातामीच्या, म्हणजे आपल्या जुन्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. स्वयंपाकघर सामायिक, न्हाणीघर नाहीच. तिथे १९५३मध्ये ओसामु तेझुका राहायला आले. वर्ष-दीड वर्षाने ते गेले तेव्हा त्यांची खोली दोन तरुणांना मिळाली. तेझुकांनी घरमालकाकडची अनामत रक्कम आणि आपलं टेबलही त्यांच्यासाठी ठेवलं. ती जोडी फुजिको फुजिओ या नावाने काढायची. त्यांच्यातल्या एकाने पुढे डोरेमॉन काढला, तोच, जो आज हिंजवडीतल्या सोसायट्यांमधली पोरं जेवताना बघतात. शोतारो इशिनोमोरी, फुजिओ अकात्सुका हेही तिथलेच. एकाची मुदत गळ्याशी आली की शेजारच्या खोलीतला उठून त्याच्या पानांवर पार्श्वभूमी काढायला बसायचा. १९५८मध्ये हिदेको मिझुनो ही तरुण चित्रकार तिथे काही महिने राहिली. तिने इशिनोमोरी आणि अकात्सुकांबरोबर एका सामायिक टोपणनावाने कथा काढल्या, आणि नंतर जपानी मुलींच्या कॉमिक्सचा चेहरामोहरा बदलणाऱ्यांमध्ये तिचं नाव घेतलं जाऊ लागलं.

ही सगळी माणसं प्रतिभावान होती हे खरंच. पण ती तिथे एकत्र आली ती 'मांगा शोनेन' या मुलांच्या मासिकामुळे. त्यातूनच ती एकमेकांना ओळखत होती. मासिक, स्वस्त खोली आणि शेजारी बसलेला आपल्याहून थोडा सरस चित्रकार, एवढ्या तीन गोष्टींवर एक उद्योग उभा राहिला. इमारत १९८२मध्ये पाडली गेली. तोशिमाच्या स्थानिक प्रशासनाने २०२०मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून तिथे संग्रहालय उघडलं.

पॅरिसमध्ये १९९०च्या दशकात काही चित्रकारांनी मिळून भाड्याने घेतलेल्या आतलिए दे व्होज या जागेत इराणहून आलेली मार्जान सात्रापी जाऊन बसायची. तिथल्या मित्रांच्या आग्रहाने तिने स्वतःच्या बालपणाची गोष्ट काढायला घेतली. 'पर्सेपोलिस'चा पहिला भाग २००० साली आला. एकटीने घरी बसून तिने तो काढला असता का, हे सांगता येणार नाही. पण तिच्या टेबलाशेजारी दाव्हिद बे हा चित्रकार बसत होता, आणि आत्मचरित्र चित्रांत कसं सांगायचं हे तो त्याच काळात शोधत होता, हे महत्त्वाचं आहे.

आता हिंजवडीकडे वळतो. इथे संगणक आहेत, चित्रकलेची टॅब्लेट्स आहेत, इंटरनेट आहे. दिवसभर कोड लिहून रात्री चित्रं काढणारे तरुणही आहेत. धोरणाला मोजता येण्याजोगं सगळं आहे. तरीही कॉमिक्सच्या बाबतीत मला धोरणाची मांडणी अपुरी वाटते. अनुदानाची आणि पार्कांची भाषा गुंतवणुकीच्या आणि नोकऱ्यांच्या आकड्यांवर चालते. कॉमिक्सचा स्टुडिओ म्हणजे चार-पाच माणसं. त्यांची गुंतवणूक म्हणजे एक खोली, वर्षभराचं भाडं आणि पहिलं पुस्तक येईपर्यंतची उपजीविका. ती कुठल्याच कोष्टकात बसत नाही. ती खोली द्यायची तरी कुणी? ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांच्यात कारभार विभागलेल्या हिंजवडीत रस्त्यावरच्या पाण्याचा निचरा कुणी करायचा यावरच वाद होतात, तिथे चित्रकारांच्या टेबलाची जबाबदारी आपणहून कोण घेईल? माझं म्हणणं असं की एमआयडीसीने घ्यावी. हजारो चौरस फुटांच्या इमारतीत एक मजलाही नको, मोठ्या खिडक्यांची एक खोली पुरे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा इथेच येतो, आणि माझी काळजी लोक सहसा करतात तिच्याहून थोडी निराळी आहे. यंत्र चांगली चित्रं काढेल की वाईट, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. यंत्र आधी नेमकं तेच काम घेतं जे शिकाऊ मुलं करायची: किल्ल्याचे दगड, गर्दी, पार्श्वभूमी, रंग भरणं. दगड काढता काढता शिकाऊ मुलगा मुख्य चित्रकाराचा हात जवळून बघायचा. वर्षभराने त्याला दुय्यम पात्रांचे चेहरे मिळायचे, मग एखादं आख्खं पान. खालची पायरी काढून टाकली तर वर कोण चढणार? जो स्टुडिओ सरकारी मदत घेईल त्याने निदान दोन शिकाऊ हात बाळगावेत, अशी अट धोरणात घालायला काहीच हरकत नाही.

आणि मालकी. पुण्याने नागराज घडवला, महाभारत घडवलं, आणि पात्रं प्रकाशकांची राहिली. कायदाही तसाच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. २०१२च्या दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा कधीही सोडून न देता येणारा हक्क दिला. कॉमिक्सच्या चित्रकाराला तसं संरक्षण नाही. त्याच कायद्यात दोन गोष्टी मात्र उपयोगाच्या आहेत, आणि त्या प्रत्येक तरुण चित्रकाराला माहीत हव्यात. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं. आणि हक्क विकले तरी काम आपलं आहे असं म्हणण्याचा चित्रकाराचा अधिकार शाबूत राहतो. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांमध्येही परक्याच्या मालकीचंच काम होतं, आणि त्याने हजारो घरं उभी केली, याबद्दल मला आदर आहे. पण चित्रकथेत वर्षानुवर्षं कमावून देतं ते पात्र. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ला 'सकाळ'मध्ये अवतरला, पुढे 'लोकसत्ता'तही दिसला, त्याची पुस्तकं आली, २०१२मध्ये सिनेमा आला. वर्तमानपत्र बदललं तरी चिंटू त्याच्या जन्मदात्यांबरोबर राहिला. पुण्याच्या मातीत याचंही उदाहरण आहे.

गोष्टी काय काढायच्या, असं विचारणाऱ्याला हिंजवडीच्या बाहेर जावं लागत नाही. चैत्रात ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा आयटी पार्काच्या काचांसमोरून पाठीत गळ टोचलेला गळकरी जातो. मी पाहिलेल्या कुठल्याही सुपरहिरोच्या अंकात इतकं जोरदार उघडणारं पान नाही. आणि तालुका मुळशी आहे. १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले. शतक सरता सरता त्याच तालुक्यात एमआयडीसीने शेतं घेतली आणि त्यावर हे पार्क उभं राहिलं. या दोन भूसंपादनांमधला काळ एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांतून सांगणारी मराठी चित्रकथा माझ्या तरी पाहण्यात नाही. ती काढायला गावात बसलेली माणसं लागतील, ज्यांना नांगराची मूठ कशी धरतात हे शेजारच्या म्हाताऱ्याला विचारता येईल.

एका पेन्सिलवाल्याच्या रोज एका पानाच्या हिशेबाने बत्तीस पानांचं, म्हणजे सोळा पानी दोन फर्म्यांचं पुस्तक महिना-सव्वा महिन्यात पेन्सिलीतून बाहेर येतं. शाई, अक्षरं आणि रंग सोबतच चालले तर तीन महिन्यांत छापखान्यात जातं. मुळशीच्या गोष्टीला मात्र दोन फर्मे पुरायचे नाहीत. आठ तरी लागतील, आणि खोली वर्षभरासाठी घ्यावी लागेल.