लिंपली तरच भिंत टिकते

कासा-चारोटीकडची माणसं मुंबईला निघाली की आधी डहाणू रोड गाठतात आणि तिथून रेल्वेनं चर्चगेट. स्टेशनाबाहेर आलं की समोरच्या कोपऱ्यावर तांबूस-पिवळसर रंगाची, टप्प्याटप्प्यानं वर चढत गेलेली एक इमारत दिसते. ते इरॉस थिएटर.

समुद्र हटवून मिळवलेल्या बॅकबेच्या जमिनीवर शियावक्ष कंबाटा यांनी ते उभारलं. आराखडा सोराबजी भेडवार यांचा. १९३८ च्या फेब्रुवारीत पडदा उघडला. खुर्च्या होत्या बाराशेच्या वर. जुन्या घुमट-कमानींचा जगाला तेव्हा कंटाळा आला होता. रशियात १९२० च्या दशकात साध्या भौमितिक आकारांची रचनावादी वास्तुकला बहरली, तर पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनानं 'आर्ट डेको' शैलीला नाव मिळवून दिलं. इरॉस या दुसऱ्या घराण्यातलं.

ही नवी घराणी उभी राहिली ती लोखंडी सळ्या आणि काँक्रीटच्या बळावर. पण समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, सळी गंजते, गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. आपल्याकडे कुडाच्या भिंती शेणामातीनं पुन्हा पुन्हा लिंपाव्या लागतात. न लिंपलेली भिंत दोन-चार पावसाळ्यांत ढासळते. काँक्रीटचंही तसंच, फक्त ढासळायला वेळ अधिक लागतो.

मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ मध्ये नियम झाले. २०१८ मध्ये युनेस्कोनं इथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा मानलं. त्यात इरॉसही आहे. पण तेव्हा इरॉसचा पडदा बंद होता.  २०२३ मध्ये इमारतीभोवती परांची बांधलेली दिसली आणि इरॉस पाडताहेत, अशी आवई उठली. लोक हळहळले. प्रत्यक्षात ती डागडुजी होती. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथं पुन्हा सिनेमा लागला.

मात्र आता खुर्च्या आहेत सुमारे तीनशे. रूप वाचलं, पण हजारभर माणसांनी एकाच अंधारात एकदम हसण्याची ती जागा गेली. हे नुकसान खरंच. तरीही कुलूपबंद अखंड वास्तूपेक्षा, थोडी बदललेली पण माणसांचा वावर असलेली वास्तू बरी, असं मला वाटतं. घर राहतं असलं, तरच कुणीतरी भिंत लिंपतं.