अक्षर दिसतें, पण वाचतां येत नाहीं

आजच्या भाषणाचा विषय थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संगणकावर मजकूर जुळवून तो छापावयाच्या कामास हल्लीं सर्रास डीटीपी म्हणतात, आणि निमंत्रणपत्रिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत आपल्या घरांत येणारा बहुतेक मजकूर ह्याच वाटेनें येतो. हा मजकूर डोळ्यांना व्यवस्थित दिसत असूनहि कित्येकांना तो वाचतां कां येत नाहीं, हें मला सांगावयाचें आहे. त्यासाठीं प्रथम एका नोटिशीची हकीकत सांगतों.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही सर्वजण त्यांना बाईच म्हणतों. काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली त्याला आतां बरींच वर्षें झालीं. परंतु वाचन गेलें नाहीं. संगणकावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी जी योजना असते, जिला स्क्रीन रीडर म्हणतात, तिच्या साहाय्यानें त्या वर्तमानपत्र वाचतात, पत्रें लिहितात, आणि आमच्या पत्रांतील शुद्धलेखनाच्या चुकाहि काढतात. त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधावयाचें ठरलें, तेव्हां गृहनिर्माण संस्थेनें सर्व सभासदांना चाळीस पानांचा मसुदा पीडीएफ फाइलीच्या रूपानें पाठविला. पंधरा दिवसांत आक्षेप न आल्यास संमति गृहीत धरली जाईल, असें अखेरीस लिहिलें होतें. पण हेंहि बाईंना शेजारणीच्या तोंडून कळलें. कारण फाइल उघडल्यावर आंतून जो आवाज आला त्यांत एकहि मराठी शब्द नव्हता. इंग्रजी मुळाक्षरें, विरामचिन्हें आणि अर्धवट उच्चार ह्यांची ती एक अखंड बडबड होती. मधूनच एखादा आंकडा तेवढा स्पष्ट ऐकूं येई. कार्यालयांत विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "आमच्याकडे फाइल अगदीं छान दिसते, बाई. तुमच्याच संगणकांत कांहीं बिघाड असेल."

बिघाड होता खरा, पण तो बाईंच्या संगणकांत नव्हता.

संगणकाला अक्षर म्हणून कांहीं कळत नाहीं. त्याला फक्त आंकडे कळतात. कोणत्या आंकड्यानें कोणतें अक्षर समजावयाचें, ह्याचा एक करार असावा लागतो. इंग्रजीपुरता असा करार अमेरिकेंत १९६३ सालीं झाला. त्यांत एकंदर १२८ जागा, आणि मोठ्या लिपींतील ए ह्या अक्षराची जागा ६५ वी. पुढें १९८५ सालीं ऑल्डस कंपनीचा पेजमेकर बाजारांत आला, लेसर मुद्रक आले, आणि टेबलावरच्या संगणकावर पुस्तकाचीं पानें जुळवितां येऊं लागलीं. छापखान्यांच्या दृष्टीनें ही क्रांतीच होती. अडचण एवढीच होती कीं त्या करारांत देवनागरीला जागा नव्हती.

तेव्हां आपल्याकडील कुशल माणसांनीं एक युक्ति काढली. इंग्रजी अक्षराच्या आंकड्याला हात लावावयाचा नाहीं. फक्त त्या आंकड्यासमोर जें चित्र उमटतें तें बदलावयाचें. कृतिदेव ह्या प्रसिद्ध फॉन्टाचें उदाहरण घ्या. त्यांत इंग्रजी ई ह्या अक्षराच्या जागीं 'म' चें चित्र आहे, जेच्या जागीं 'र', केच्या जागीं काना, मोठ्या बीच्या जागीं 'ठ' आणि एचच्या जागीं दीर्घ वेलांटी. म्हणजे कागदावर 'मराठी' हा शब्द सुरेख उमटतो. पण संगणकाच्या पोटांत ई, जे, के, बी, एच ह्या पांच इंग्रजी अक्षरांपलीकडे कांहीं नसतें. चित्र पाहणाऱ्या डोळ्याला ही फसवणूक कधींच कळत नाहीं. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाहीं, तो पोटांतील आंकडे वाचतो. बाईंना जी बडबड ऐकूं आली ती हीच.

ह्या युक्तीला मी नांवें ठेवणार नाहीं. खिळे जुळविणाऱ्या छापखान्यांतहि वेगळें काय चालत असे? जावजी दादाजींच्या निर्णयसागराच्या काळापासून नांवाजलेल्या आपल्या टाइपांत अर्धें अक्षर निराळें, काना निराळा, रफार निराळा अशी सोय असे, आणि जुळारी हे तुकडे जोडून अक्षर उभें करी. खिळ्याला फक्त आकार होता. त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यांत होता. छापून झालें कीं टाइप सोडून पुन्हां घरांत टाकीत, आणि मागें राही तो केवळ कागद. डीटीपीच्या पहिल्या पिढीनें तीच संवय पुढें चालविली. तिला हें कोठून ठाऊक असणार कीं एके दिवशीं कागदाहून फाइलच अधिक फिरेल, आणि ती डोळ्यांऐवजीं कानांनीं वाचणारी माणसें आपल्या ग्राहकांत असतील?

करार मात्र पुढें झाला. भारतीय लिपींसाठीं इस्की नांवाची पद्धति तयार झाली व ती १९९१ सालीं राष्ट्रीय मानक ठरली. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींना एका छत्राखालीं आणूं पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली होती. युनिकोडमध्यें 'म' चा आंकडा २३५०, 'र' चा २३५२, कान्याचा २३६६. हे आंकडे दुसऱ्या कोणत्याहि लिपीच्या अक्षराला दिलेले नाहींत. फॉन्ट बदला, यंत्र बदला, 'म' तो 'म' च राहतो.

मग छापखान्यांनीं जुनें सोडलें कां नाहीं? ह्याला केवळ आळस म्हणणें अन्यायाचें होईल. पानें जुळविण्याच्या साधनांना युनिकोडमधील देवनागरीचीं जोडाक्षरें नीट बांधतां येण्यास फार वर्षें लागलीं. इनडिझाइनसारख्या अग्रगण्य साधनांत ही सोय अधिकृतपणें आली ती २०१२ सालच्या आवृत्तींत. तोंवर जुन्या फॉन्टांत हजारों पुस्तकें जुळवून झालीं होतीं, आणि कामगारांचीं बोटें जुन्या कळांना सरावलीं होतीं.

आतां रोग कसा ओळखावा तें सांगतों; त्याला फारशी विद्या लागत नाहीं. फाइलींतील एक ओळ निवडावी, तिची नक्कल घ्यावी, आणि कोणतीहि सजावट नसलेल्या साध्या टिपणवहींत, म्हणजे नोटपॅडमध्यें, ती चिकटवावी. ओळ निवडतांच आली नाहीं, तर तें पान मजकूर नसून पानाचा फोटो आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला, तर आंत जुना फॉन्ट आहे. मराठीच उमटलें, पण वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटल्या किंवा जोडाक्षरें गळालीं, तर फॉन्ट नवा असूनहि पीडीएफ बनवितांना कांहीं हरवलें आहे. असें होण्याचें कारण असें कीं पीडीएफ हा प्रकार १९९३ सालीं निघाला तो पान सर्वत्र सारखें दिसावें म्हणून. त्यांत अक्षरांच्या आकृति व त्यांच्या जागा साठविलेल्या असतात, आणि कोणत्या आकृतीनें कोणतें अक्षर समजावें ह्याचा तक्ता सोबत जोडावा लागतो. इंग्रजींत एका आकृतीला सहसा एक अक्षर, म्हणून काम सोपें. आपल्या 'क्ष' ची आकृति एक, पण मागें आंकडे तीन: क, हलन्त आणि ष. तक्ता अपुरा असला कीं मजकूर लंगडतो.

जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें बदलून देणारीं साधनें मिळतात व तीं उपयोगी आहेत. परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबूं नये. आपल्या लिपींत ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधीं आणि उच्चारली जाते नंतर. जुन्या फॉन्टांत ती दिसते त्या क्रमानें, म्हणजे आधीं, टंकिली जाते. युनिकोडमध्यें उच्चाराच्या क्रमानें, म्हणजे नंतर. (ब्रेलमध्येंहि ती व्यंजनानंतरच येते, बोटांनीं वाचणाऱ्यांना हा क्रम नवा नाहीं.) रफाराचें ह्याच्या उलट: तो दिसतो अक्षराच्या माथ्यावर, पण उच्चार आधींचा. तेव्हां मजकूर बदलतांना अक्षरांची पुन्हां रांग लावावी लागते, आणि तेथें घोटाळे होतात. सर्वांत नाजूक प्रकरण आपल्या खास मराठी 'ऱ' चें. त्याला युनिकोडनें २३५३ ही स्वतंत्र जागा दिली आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनाला तिची जाणीव नसली, तर दऱ्यांचा दर्या होतो, आणि आचाऱ्यास द्यावयाचा पगार आचार्यास पोंचतो.

मजकूर असा शुद्ध झाला म्हणजे काम संपलें, असें मलाहि प्रथम वाटलें होतें. बाईंचा मसुदा आम्हीं दोन रात्रीं बसून बदलला व त्यांच्याकडे पाठविला. दुसऱ्या दिवशीं त्यांचा दूरध्वनि आला. "अरे, भाषा मराठी झाली, पण अर्थ कांहीं लागत नाहीं. पानाच्या डाव्या बाजूची अर्धी ओळ आणि उजव्या बाजूची अर्धी ओळ एका श्वासांत वाचली जाते. आणि तुमचा तो तक्ता म्हणजे नुसता आंकड्यांचा पाऊस आहे."

ही दुसरी गोष्ट पानाच्या रचनेची. डोळस माणूस पानावर एक दृष्टि टाकून ओळखतो कीं हा मथळा, हे दोन रकाने, ही तळटीप, हा तक्ता. ऐकणाऱ्याला हें कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून फाइलींत प्रत्येक भागाला अदृश्य खुणा, ज्यांना टॅग म्हणतात, लावाव्या लागतात: येथें मथळा, येथें परिच्छेद, येथें तक्त्याची ओळ, हें चित्र आणि त्यांत अमुक आहे. अशी पीडीएफ कशी असावी ह्याचें आंतरराष्ट्रीय मानक २०१२ सालींच प्रसिद्ध झालें आहे. घरच्या घरीं पत्रक लिहिणाऱ्यालाहि ह्यांतील बरेंचसें साधतें. मथळा लिहितांना अक्षर नुसतें मोठें व ठळक न करतां त्याला 'हेडिंग' ही शैली द्यावी. मोकळ्या जागा दाबून दाबून रकाने पाडूं नयेत, तक्ता म्हणून जी सोय आहे ती वापरावी आणि तिची पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नोंदवावी. छायाचित्राखालीं त्याचें वर्णन चार शब्दांत भरावें. एवढें केल्यावर फाइल पीडीएफ करतांना कागदावर छापल्यासारखी न काढतां 'सेव्ह ॲज' ह्या वाटेनें व खुणा राखून काढावी. नाहीं तर केलेली मेहनत त्या शेवटच्या पायरीवर गळून पडते.

ज्यांची दृष्टि गेलेली नाहीं पण मंदावली आहे, त्यांच्याविषयीं थोडेंसें. अशीं माणसें आपल्या प्रत्येक घरांत आहेत. पडद्यावरील मजकूर व त्याची पार्श्वभूमि ह्यांच्या उजळपणांतील प्रमाण निदान साडेचारास एक असावें, असें वेबच्या सुगम्यतेचीं मार्गदर्शक तत्त्वें सांगतात. आपल्या लग्नपत्रिकांचीं मरून रंगावरील सोनेरी अक्षरें ह्या कसोटीला लावून पाहण्याचें धैर्य मला अजून झालेलें नाहीं. देवनागरींत आणखी एक पथ्य आहे. वर मात्रा व खालीं उकार असल्यामुळें ओळींत इंग्रजीपेक्षां अधिक अंतर लागतें. जागा वाचविण्यासाठीं तें कमी केलें कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेंत अडकतो.

कायदा ह्या बाबतींत मागें नाहीं. २०१२ सालीं कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती होऊन अपंग वाचकांसाठीं पुस्तकाची सुगम्य प्रत करण्यास मोकळीक मिळाली. प्रकाशित साहित्य अंधांना मिळावें म्हणून २०१३ सालीं माराकेश येथें जो करार झाला, त्याला २०१४ सालीं सर्वांआधीं मान्यता देणारा देश भारतच. परंतु पुस्तकाची मूळ फाइल जुन्या फॉन्टांत असेल, तर ही मोकळीक हातीं असूनहि कोणाला तरी तें सबंध पुस्तक पुन्हां टंकावें लागतें. जी यंत्रणा तें वाचून दाखविते ती आतां दुर्मिळ राहिलेली नाहीं. एनव्हीडीए हा विनामूल्य मिळणारा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियांतील एका अंध तरुणानें २००६ सालीं सुरू केला, आणि तो मराठी वाचतो.

बाईंच्या मसुद्याकडे पुन्हां वळतों. तिसऱ्या खेपेस आम्हीं रकान्यांचा क्रम लावला आणि प्रत्येक सदनिकेचें सध्यांचें क्षेत्रफळ देणारा तो तक्ता खुणा घालून नव्यानें बांधला. बाईंनीं तो ओळीओळीनें ऐकला. आपल्या खोल्यांपुढें ४१२ चौरस फूट हा आंकडा ऐकून त्यांनीं तो पुन्हां वाचवून घेतला. त्यांच्या खरेदीखतांत ४२१ आहे. एवढे सभासद डोळ्यांनीं तो तक्ता पाहून गेले होते, पण दुसऱ्याच्या ओळींतील आंकडा कोण तपासतो? मुदतीस दोन दिवस उरले असतां बाईंनीं आपला आक्षेप लेखी पाठविला, युनिकोडमध्यें, मथळ्यांना शैली देऊन.

संस्थेचें उत्तर आठवड्याभरांत आलें. चूक मान्य करून आंकडा दुरुस्त केल्याचें त्यांत लिहिलें आहे, असें मीं त्यांना वाचून दाखविलें. मलाच वाचून दाखवावें लागलें, कारण तें पत्र म्हणजे सही-शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो होता.