टीव्ही पाहावा घेऊन!

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून असं आपल्याकडे म्हणतात. त्यात आता एक जोडून टाका... टीव्ही पाहावा घेऊन!

झालं असं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतरचे दोन-तीन महिने ती सांगलीहून माझ्या कोथरूडच्या वन-बीएचकेत राहणार. माझ्याकडे टीव्हीच नाही. मी सगळं लॅपटॉपवर बघते. पण दिवसभर घरात बसून आईनं करायचं काय? बजेट ३० हजार. फ्रीलान्सिंगचे चेक कधी येतील ते देवालाच ठाऊक, त्यामुळे त्यावर एक रुपयाही नाही.

शोरूममध्ये शिरले आणि ५५ इंची समोर दिसला. काय ते रंग! ‘‘मॅडम, नो कॉस्ट ईएमआयवर घेऊन टाका,’’ सेल्समन म्हणाला. मी पाघळलेच होते. नशीब, पेन विसरले म्हणून सही राहिली!

घरी येऊन शांतपणे हिशेब केला. ‘नो कॉस्ट’ म्हणजे व्याज नसतं असं नाही. व्याजाएवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करतात. बहुतेक कार्डांवर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच बिलात येतो. शिवाय हप्त्यांच्या नादात रोख सवलत हुकते ती वेगळीच.

आधी टेप, मग टीव्ही

मग काढली मोजायची टेप. दिवाण ते भिंत, फक्त सहा फूट. साधा फंडा असा : फोर-के टीव्ही असेल तर स्क्रीनचे इंच गुणिले दीड, एवढ्या अंतरावर बसावं. ४३ इंचीला जवळपास साडेपाच फूट, ५५ इंचीला सात. म्हणजे ५५ इंची माझ्या हॉलला नाही, माझ्या हौसेला हवा होता!

दुसरी गोष्ट. आई बघणार केबलवरच्या मालिका. फोर-के स्क्रीनवर ३८४० बाय २१६० पिक्सेल असतात, म्हणजे जवळपास ८३ लाख. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात उभ्या दिशेनं जेमतेम ५७६ रेषा. तेच चित्र ताणून मोठं केलं, की नायिकेचा चेहरा पुसट दिसणारच. स्क्रीन जितकी मोठी, तितकं ते जास्त जाणवतं.

नावं मोठी...

क्यूएलईडी आणि ओएलईडी ही सख्खी भावंडं नव्हेत. क्यूएलईडी हा मागून उजेड टाकणारा एलसीडीच. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. ३० हजारांत नवा ओएलईडी विसरा. एचडीआरच्या स्टिकरलाही भुलू नका. स्क्रीनचा उजेडच कमी असेल तर एचडीआरचा फरक फारसा दिसत नाही.

खरा प्रश्न पॅनेलचा. व्हीए पॅनेलवर अंधारात चित्र झकास दिसतं, पण बाजूनं पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेलवर काळा रंग जरा करडा वाटतो, पण बाजूनंही चित्र नीट दिसतं. आई पाय लांब करून दिवाणाच्या टोकाला बसणार, समोर उघडी खिडकी, वेळ दुपारची. आमच्यासाठी आयपीएसच.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. टीव्हीसमोर नाही, कडेला जाऊन उभी राहिले. ‘‘बातम्या लावा, आवाज कमी करा,’’ म्हटलं. पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा खालच्या दिशेनं असतात, संवाद घुसमटतात. तीनपैकी दोन टीव्ही इथेच बाद! सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बिलावर सही करण्याआधी

\* २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या किमतीशी तुलना करून ‘डिस्काउंट’ दाखवत असतील तर सावध!
\* पॅनेलची वॉरंटी किती, सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, हे विचारा. पॅनेल गेलं तर खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा होऊ शकतो.
\* एचडीएमआय एआरसी पोर्ट बघून घ्या. पुढे साउंडबार जोडता येतो.
\* घरी आल्यावर ‘व्हिविड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ लावा. चेहरे टोमॅटोसारखे दिसणं थांबतं.

शेवटी ४३ इंची घेतला, २६,५०० ला. उरलेल्या साडेतीन हजारांत आईच्या फिजिओथेरपीची पहिली काही सेशन्स झाली.

पहिल्या दुपारी आई दिवाणावर टेकली, मालिका लावली. मी धडधडत्या छातीनं विचारलं, ‘‘कसा आहे गं?’’

‘‘बोललेलं कळतंय बघ नीट,’’ ती म्हणाली. ‘‘पण अगं, एवढा मोठा कशाला आणलास?’’